मुदतवाढीचा अर्ज आणि अमरावतीचे वकील

वकील केव्हा करावा, हा प्रश्न माझ्या मेजासमोर बसून जितक्या लोकांनी विचारला, तितक्यांनी तो वकिलाच्या ओसरीवर जाऊन विचारला नसेल. वकिलाला विचारावे तर तो आजच करा म्हणणार; भाऊबंदांना विचारावे तर ते कशाला करता म्हणणार. दोन्ही बाजूंनी ज्याचा काही स्वार्थ नाही असा माणूस कचेरीच्या आवारात एकच, आणि तो म्हणजे अर्जनवीस. हे मी स्वतः अर्जनवीस आहे म्हणून सांगत नाही, पुष्कळ वर्षे पाहिले म्हणून सांगतो.

माझे शिक्षण मराठी सातवी आणि त्यापुढे इंग्रजी दोन यत्ता एवढेच झाले. वडील चांदूर रेल्वेच्या मालधक्क्यावर कापसाच्या गाठी चढवण्याच्या कामावर होते आणि मुलाने कचेरीत बसावे अशी त्यांची फार इच्छा होती. कचेरीच्या आत बसण्याचा योग माझ्या नशिबी आला नाही, बाहेर बसण्याचा आला. पण बसलो कचेरीतच, हे त्यांनी मरेपर्यंत अभिमानाने सांगितले. प्रथम मी अमरावतीस बसत होतो, पुढे सासुरवाडीच्या आग्रहाने अकोल्यास आलो. एका कडुनिंबाखाली माझे उतरते मेज, दौत, टाक आणि गिऱ्हाइकासाठी सतरंजी असा थाट होता. फेरफार, तगाई, बंदुकीचा परवाना, जन्माचा दाखला, सुनेच्या माहेरच्यांविरुद्ध तक्रार, असे सर्व प्रकारचे अर्ज मी लिहिले आहेत. माझा अर्ज वाचून एका तहसीलदारांनी हातातला चहा खाली ठेवला होता, असे त्यांच्या शिपायाने मला स्वतः सांगितले.

इतक्या वर्षांत मी माझ्यापुरता एक नियम केला आणि तो आजही मला बरोबर वाटतो. सरकार जेव्हा एखादी वस्तू द्यायला नाही म्हणते, तेव्हा अर्ज करावा. आज नाही तर उद्या मिळेल. परंतु सरकार जेव्हा तुमच्या घरातून काही न्यायला निघते आणि त्यासाठी तारीख घालून देते, तेव्हा अर्जनवीसाकडे येऊ नये, आणि आलातच तर अर्जनवीसाने तुम्हाला वकिलाकडे न्यावे. जमीन न्यायला निघाले तरी हेच. माणूस न्यायला निघाले तर एका दिवसाचाही उशीर करू नये.

माणूस न्यायला निघाल्याचे प्रकरण माझ्याकडे आले ते महाराष्ट्र राज्य होण्याच्या आधीच्या एकदोन वर्षांत. फाळणीनंतर वऱ्हाडातून कराचीकडे गेलेल्यांपैकी काही माणसे मधूनमधून पाहुणी म्हणून परत येत. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का, ठराविक मुदत, पोलिसांत नोंद, असा तो सगळा बंदोबस्त असे. त्यांच्या मुदतवाढीचे अर्ज माझ्याकडे येत आणि मी ते लिहीत असे. त्यात विशेष काही नव्हते. आजारी आई, घरातले लग्न, बिघडलेली प्रकृती, यांपैकी जे खरे असेल ते लिहायचे आणि खाली आजन्म उपकार मानण्याचे आश्वासन द्यायचे.

एके दिवशी दुपारी जुन्या शहरातल्या एका पिंजाऱ्याची विधवा माझ्या सतरंजीवर येऊन बसली. नवरा गेल्यावर ती गाद्या-रजया शिवून पोट भरत असे आणि माझ्या घरच्या गाद्याही तिनेच भरलेल्या होत्या, म्हणून ओळख होती. पदराला आणि केसांना कापसाचे तंतू चिकटलेले. हातात पोलिसांकडून आलेला कागद.

"भाऊ, एक अर्ज लिहून द्या," ती म्हणाली. "लेकीले जा म्हणून राहिले."

"कुठं जा म्हणतात?"

"कराचीले."

"कोणाच्या लेकीला?"

"माह्या! दुसऱ्याच्या लेकीसाठी मी काहून रडू?"

मग तिने हकीकत सांगितली. ती मी इथे क्रमाने देतो, कारण तिने ती क्रमाने सांगितली नव्हती. नवरा वारला तेव्हा तिच्या कराचीच्या बहिणीला मूलबाळ नव्हते. देशाची घटना लागू होऊन दोनेक वर्षे झाली असतील. बहीण आली आणि बाराएक वर्षांच्या या मुलीला चांगली शिकवते, सांभाळते म्हणून घेऊन गेली. पुढे त्या बहिणीलाच मूल झाले. मुलगी तिथे झुरू लागली. तेव्हा मावशीच्या नवऱ्याने तिच्या नावाचा तिथला पासपोर्ट काढला, व्हिसा घेतला आणि तिला अकोल्याला आईकडे पाठवून दिले. म्हणजे मुलगी स्वतःच्या जन्माच्या घरी परत आली ती कागदावर पाहुणी होऊन. मुदत संपली की पोलिसांच्या छापील कागदावर आई अंगठा उठवी आणि मुदत वाढे. अशी दोन-तीन वर्षे गेली. या खेपेस मात्र मुदत वाढली नाही. महिना संपायच्या आत देश सोडावा, असा हुकूम आला.

त्यातच मुलीचे लग्न ठरलेले. मुलगा अकोटला जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. त्याचा बाप दुसऱ्याच दिवशी अकोटच्या गाडीने येऊन विधवेसोबत माझ्यासमोर उभा राहिला. उंच, दाढीवाला, मोठ्या आवाजाचा माणूस.

"अर्ज-बिर्ज राहू द्या मुन्शीजी," तो म्हणाला. "येत्या जुम्म्याले निका लावून टाकतो. नवऱ्याच्या घरातून बाईले काढाले कोन येते थे मी पाह्यतो."

"बाप्पा, तुमी पाह्यसान अन् थे तिले घेऊन जातीन," विधवा म्हणाली. "तुमाले पाह्याशिवाय दुसरं येते का काही?"

"विहीणबाई, तुमचं तोंड असंच राह्यलं तर माह्या पोराचं कसं होईन?"

"तुमच्या पोराले लेक देतो, तोंड नाही देत."

मी दोघांना गप्प केले. या होणाऱ्या सोयऱ्याची सूचना मला वाईट वाटली नाही. परदेशी बाईने इथल्या नागरिकाशी लग्न केले तर तिला इथली म्हणून नोंदवून घेण्याची तजवीज नव्या कायद्यात होती, एवढे मी ऐकून होतो. मी टाक घेतला आणि मसुदा तयार केला. माझ्या उत्तम मसुद्यांत मी त्याची गणना करतो. अर्जदार ही पाकिस्तानी रहिवासी, गरीब व अजाण. तिचे हातून मुदतीबाबत जी कसूर झाली ती मायबाप सरकारने पोटात घालावी. तिचा निकाह येथील इसमाशी ठरला असून तिला दयाबुद्धीने येथे राहू द्यावे, अशी त्याची मांडणी होती. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. विधवेने डोळ्याला पदर लावला.

"लय गोड लिहिलं भाऊ. साहेबाचं काळीज पाघळीन."

सोयराही म्हणाला की असे लिहिणे शहरात दुसऱ्या कोणाला जमणार नाही, आणि ते खरेच होते.

परंतु माझा नियम मी माझ्या उत्तम मसुद्यासाठीही मोडला नाही. मी कागदाची घडी केली आणि सांगितले, "हा द्यायचा की नाही, हे आधी वकील सांगेल. माणूस न्यायला निघाले आहेत."

आता वकील कसा करावा, याविषयी लिहितो. आमच्याकडे लोक वकील करतात तो आवाजावरून. खुनाच्या खटल्यात ज्याच्या उलटतपासणीने साक्षीदाराला घाम फुटला, त्याच्याकडेच वाटणीचा दावाही जातो आणि पाण्याच्या पाटाचे भांडणही. सोयऱ्याच्या आग्रहाने आम्ही प्रथम अकोल्यातल्या अशाच एका नामांकित फौजदारी वकिलाकडे गेलो. ओसरीवर तीस माणसे बसलेली. वकिलांच्या कारकुनाने आमचा कागदांचा जुडगा घेतला आणि न उघडता ढिगावर ठेवला. वकील बाहेर आले, प्रकरण कशाचे एवढे विचारले आणि म्हणाले, "काही काळजी करू नका. साहेब माझ्या बसण्याउठण्यातले आहेत. काम झालं समजा."

सोयऱ्याचा चेहरा खुलला. मी मात्र उभा राहिलो आणि कारकुनाकडून जुडगा मागून घेतला.

"काहून मुन्शीजी?" रस्त्यावर आल्यावर सोयरा चिडून म्हणाला. "काम झालं म्हणे ना थे!"

"म्हणूनच," मी म्हटले. "कागद वाचायच्या आधी जो काम झालं म्हणतो, तो कागद नंतरही वाचत नाही."

त्या वकिलांविषयी माझ्या मनात अनादर नाही. पुढे एका मारामारीच्या प्रकरणात मी माझ्या साडूला त्यांच्याचकडे पाठवले आणि तो सुटला. पण प्रत्येक हत्यार प्रत्येक कामाचे नसते.

अमरावतीस बसत असताना मला एक वकील माहीत झाले होते. अमरावतीच्या कँप भागात राहत. फाळणीनंतरच्या काळात नागपूरला राहून त्यांनी स्थलांतर केलेल्यांच्या मालमत्तेची आणि परमिटांची प्रकरणे चालवली होती. ते कोर्टात हळू बोलत, म्हणून आवारात त्यांचे नाव फारसे कोणी घेत नसे. पण अशा प्रकारचे काम पूर्वी हाताळलेला माणूस अकोला-अमरावती दोन्ही गावांत मला तोच एक ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. विधवा, तिची मुलगी आणि मी. मुलीला कशाला न्यायचे, असे विधवेचे म्हणणे होते. मीही प्रथम तसेच म्हणालो होतो. पण एकटी घरी ठेवायला आईच धजेना, म्हणून ती आली. सडपातळ, सावळी, मान खाली घालून बसणारी मुलगी. वाटेत मूर्तिजापूरला तिने आईला फक्त एवढेच सांगितले की तुझ्या केसात अजून सरकी आहे.

वकीलसाहेबांनी जुडगा स्वतः सोडला. चष्मा लावला आणि वाचायला लागले. पासपोर्ट, नोटीस, जुन्या मुदतवाढीच्या नकला, माझा मसुदा, सर्व. इतका वेळ वाचत राहिले की विधवेने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच विचारले, यांना वाचता येते ना? शेवटी त्यांनी मान वर केली.

"घटना लागू झाली त्या दिवशी मुलगी कुठे होती?"

मी खाकरलो आणि सांगू लागलो, की त्या सुमारास तिचे वडील हयात असून...

"आपण कोण?" त्यांनी विचारले.

"मी अर्जनवीस."

"आपल्याला कराचीला पाठवून राहिले का?"

"नाही."

"मग जिला पाठवून राहिले तिला बोलू द्या."

पक्षकाराने स्वतः बोलावे, हे माझेही मत आहे, म्हणून मी थांबलो. मुलीने आईकडे पाहिले, मग खाली पाहिले, आणि म्हणाली, "अकोल्यात होती. शाळेत झेंडा लावला अन् आमाले लाडू देल्ले. दोन-दोन. मी एक अम्मीसाठी घरी आणला होता."

"आणला नव्हता," विधवा म्हणाली. "पुलावर खाल्ला. घरी आली तं हात चाटून राह्यली होती."

वकीलसाहेब हसले आणि त्यांनी ते टिपून घेतले. पुढे त्यांनी आणखी विचारले. पासपोर्ट कोणी काढला? तिचे वय तेव्हा काय? त्यावर सही कोणाची? आईने अकोला कधी सोडले का? अठरा वर्षे पुरी केव्हा झाली? मुलीने एकेक उत्तर दिले आणि एकदा, मला आठवत नाही, असेही म्हणाली. ते त्यांना आवडले असावे, कारण त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी माझा मसुदा पुढे ओढला.

"अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. मी नम्रपणे मान लववली. "हा दिला नाही, हे फार चांगले केले. दिला असता तर माझ्याकडे यायची गरज राहिली नसती. मुलगी गेली असती."

त्यांनी जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. आमच्या धंद्याची पिढीजात रीत अशी की अर्जदाराने आधी वाकायचे. चूक झाली असो की नसो, पहिल्या ओळीत पदरात घ्यायची, आणि शेवटच्या ओळीत दया मागायची. तगाईला, परवान्याला, दंडमाफीला ही रीत चालते. साहेबाला बरे वाटते आणि आपले काही जात नाही. पण इथे पहिल्याच ओळीत मी अर्जदाराला पाकिस्तानी म्हटले होते. परदेशी माणूस दया मागू शकतो, आणि दया देणे न देणे सरकारची मर्जी. ही मुलगी मात्र परदेशी आहे, हेच मुळी ठरलेले नव्हते. इथे जन्मली, घटना लागू झाली तेव्हा इथे होती, आई इथली. अजाण वयात दुसऱ्याने तिच्या नावाने पासपोर्ट काढला म्हणून तिने आपला देश सोडला असे होते का, हा प्रश्न होता. आणि त्याचा निकाल ना पोलीस देऊ शकत ना जिल्ह्याचे साहेब. तो दिल्लीनेच चौकशी करून द्यावा, असा कायदा. तो निकाल लागेपर्यंत तिला हलवू नये, एवढे आपण मागायचे. आणि तेही मागायचे ते हक्काने.

"अन् निका?" विधवेने विचारले.

"लग्न मन होईल तेव्हा करा. लाडू मलाही पाठवा. पण परक्या देशाची बायको म्हणून मला इथली करून घ्या, असा अर्ज करू नका. जी इथलीच आहे तिने इथली करून घ्या कशाला म्हणावे?"

मग ते मुलीकडे वळले आणि सावकाश बोलले. "हे बघ बेटा. आजवर तुझे सगळे कागद दुसऱ्यांनी केले. मावशीच्या नवऱ्याने केले, आईने केले, यांनीही करत आणले होते. आता तू सज्ञान झालीस. आता जी सही करशील ती तुझी. एकदा पाकिस्तानी म्हणून सही केलीस, तर मग मी काही करू शकणार नाही."

"जिंकू ना साहेब?" विधवा म्हणाली.

"सांगता येत नाही. बाजू चांगली आहे. पण उलटही होऊ शकते, आणि झाले तर जावे लागेल."

त्यानंतर त्यांनी आपली फी सांगितली, तिच्यात काय येते आणि काय येत नाही तेही सांगितले, आणि पावती दिली. ज्यांना वकील कसा ओळखावा हे पाहिजे असेल त्यांच्यासाठी मी एवढेच लिहून ठेवतो: कागद स्वतः वाचतो, ज्याचे प्रकरण त्यालाच विचारतो, आणि हरण्याची गोष्ट तोंडावर सांगतो. असा भेटला तर गावाबाहेरचा आहे म्हणून सोडू नये.

नवा कागद त्यांनी सांगितला आणि मराठी प्रत मी लिहिली. त्यात मायबाप नव्हते, कसूर नव्हती, उपकार नव्हते. लिहिताना माझा हात अडखळला हे मी नाकारत नाही. दोनेक वर्षांपूर्वी धर्मांतरानंतर शाळेच्या दाखल्यावर बौद्ध अशी नोंद मागायला आलेल्या एका तरुण शिक्षकाने माझ्या अर्जातला मेहेरबानी हा शब्द काढायला लावला होता. "मेहेरबानी नाही मांगून राह्यलो मुन्शीजी, नोंद मांगून राह्यलो," असे म्हणाला होता. तेव्हा मला तो उर्मट वाटला होता. त्या ओसरीवर बसून तो मला जरा वेगळा वाटला.

विधवेला मात्र तो कागद मुळीच आवडला नाही. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "भाऊ, हे तं भांडन केल्यावानी लिहिलं. साहेबाले राग येईन."

"वकिलानं लिहिलं आहे."

"थे अमरावतीत राह्यतात. साहेब अकोल्यात आहे."

आणि सोयऱ्याने तर डोक्याला हातच लावला. आधीचा कागद किती गोड होता, असे तो चारचौघांत बोलला. मला ते ऐकून वाईट वाटले नाही. पण मी ढळलो नाही.

मुदतीच्या आत कागद दाखल झाला आणि काही दिवसांनी, दिल्लीला अहवाल पाठवण्यासाठी, अकोल्यातच चौकशीची तारीख लागली. डेप्युटी कलेक्टर साहेबांच्या खोलीत वकीलसाहेब, मुलगी, विधवा आणि जुडगा धरून मागच्या बाकावर मी. साहेब वयस्क होते, पान खात आणि कोणावर ओरडत नसत. साक्षी झाल्या. मुलीला लहानपणी शिकवणाऱ्या उर्दू शाळेच्या बाई आल्या, शेजारचा किराणा दुकानदार आला. सर्व ठीक चालले होते. मग साहेबांनी लेखणी ठेवली.

"बाई," ते विधवेला म्हणाले, "मलाही मुली आहेत. तुम्ही उगीच मोठं लांबलचक प्रकरण करून राहिल्या. दिल्लीचा भरवसा नाही. उलट आलं तर माझ्याही हातात काही राहणार नाही. त्यापेक्षा मुलीनं साधा मुदतवाढीचा अर्ज करावा. एक वर्षाची मुदत मी आज देतो. इथंच, आत्ता. वर्षात लग्न होईल, पुढचं पुढं पाहू."

शिपायाने छापील कागद आणून मेजावर ठेवला. अर्जदाराचे नाव, आणि त्याखाली राष्ट्रीयत्व.

मी वकीलसाहेबांकडे पाहिले. ते मुलीकडे पाहत होते. विधवा उठली, साहेबांच्या मेजाजवळ गेली आणि हात जोडून म्हणाली, "देवासारखे बोलले साहेब." मग मागे वळून, "कर वं सही. कर पटकन."

मी खरे तेच सांगतो. मलाही त्या क्षणी वाटले की करावी. एक पुरे वर्ष समोर वाढून ठेवले होते. दयाळू साहेब नेहमी भेटत नाहीत.

मुलगी मेजापर्यंत गेली. टाक तिने उचललाही. मग तो खाली ठेवला.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी चांगले आहा. पण मुदत पाहुण्याले असते. मी आमच्या घरची आहो."

"अवं पोरी!" विधवा ओरडली. "वरीस भेटून राह्यलं ना!"

"वरीस झाल्यावर काय करू अम्मी? परत पाहुणी होऊ? सासरीबी शिपाई येईन, कधी जातं म्हणून पुसाले."

छापील कागद साहेबांनी शिपायाच्या हातात परत दिला आणि वकीलसाहेबांना इंग्रजीत काही म्हणाले. वकीलसाहेब उठले आणि त्यांनी फक्त मान लववली. बाहेर आल्यावर मी विचारले, तर म्हणाले, "अहवाल दिल्लीला जाईल, तोवर हलवणार नाहीत, असं म्हणाले. आणि मुलगी कोणी पढवली असंही विचारलं."

"मग आपण काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? मला तर वाटलं होतं ती सही करते."

विधवा पायरीवर बसून मुलीला बोलत होती. रागाने सुरुवात झाली होती. पण थोड्या वेळाने मी पाहिले तेव्हा ती तिच्या वेणीची गाठ सोडून पुन्हा घालून देत होती, आणि तोंड चालूच होते.

पुढचा काळ वाट पाहण्याचा होता. दिल्लीला घाई नसते. सोयरा अधूनमधून येऊन माझ्यासमोर बसे आणि "काही आलं का?" असे विचारे, जणू टपाल कडुनिंबाखालीच उतरते. त्याने निकाह लावण्याची घाई पुन्हा केली नाही. मुलगाच म्हणाला होता म्हणे, की ती तिथं खोलीत एवढं बोलली, आता तिचं ठरल्यावरच करू. विधवेने त्या पावसाळ्यात रजया शिवल्या, मुलीने टाके घातले. मी माझे अर्ज लिहीत राहिलो. एवढा फरक पडला, की प्रत्येक अर्जाला वाकवण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारू लागलो, बाबा, हे तू दया म्हणून मागून राहिला का हक्क म्हणून? बहुतेकांना प्रश्न कळत नसे. ज्यांना कळे, त्यांचा अर्ज मी सरळ लिहून देई.

दिल्लीचे उत्तर आले ते वकीलसाहेबांच्या नावे. त्यांनी एसटीच्या वाहकाबरोबर निरोप धाडला आणि मी स्वतः जुन्या शहरात तो पोहोचवायला गेलो. मोर्णा नदीचा पूल ओलांडून गल्लीत शिरलो, तेव्हा विधवा उंबऱ्यावर बसून गादीची खोळ उलटी करीत होती. मी सांगितले की तुमच्या मुलीने हा देश सोडलेला नाही असे ठरले आहे.

"मंग इतके दिवस का ठरवून राह्यले होते?" ती म्हणाली. "मले विचारलं असतं तं तवाच सांगतलं असतं." आणि तिने खोळ तशीच तोंडाशी धरली आणि रडली. मुलगी आतून आली. तिने मला खाट टाकून दिली, पाणी दिले आणि विचारले, वकीलसाहेबांकडे लाडू पाठवायचे ते कशाचे केले तर अमरावतीपर्यंत टिकतील?

निकाह अकोटला झाला. सोयऱ्याने आवाज चढवून मला सगळ्यांत पुढे बसवले आणि प्रत्येकाला सांगितले की पहिला अर्ज तर यांनी असा लिहिला होता की बस्स. वकीलसाहेब येऊ शकले नाहीत.

मुलगी आता अकोटलाच आहे. बासष्ट सालची निवडणूक झाली त्यानंतर तिचा नवरा काही कामाने कचेरीत आला होता. मी विचारपूस केली. तो म्हणाला, "मतदानाच्या दिवशी सकाळी सहालाच तयार होऊन बसली. केंद्र अजून उघडायचे होते, शिपायाने दार लावलेले होते, आणि ही बायांच्या रांगेत पहिली. मी जिनमधून सुटून दुपारी मत द्यायला गेलो, तर घरी आल्यावर मलेच म्हणते, इतका वेळ कुठं होता, रांग केवढी वाढली पाह्यली का?"